अकरावीचं जीवशास्त्र विरजणापासून सुरू कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावी मराठी माध्यमातून झाली, अकरावीला सायन्स घेतलं, आणि जीवशास्त्राच्या सुरुवातीलाच वैज्ञानिक पद्धत आणि जीवनाचं रसायन हे दोन भाग समोर आले. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष हे शब्द पाठ झाले. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिक आम्लं यांच्या व्याख्याही पाठ झाल्या. तरी यातलं काही आपल्याला कळलंय असं वाटत नाही. आणि रसायनशास्त्राचा वेगळा तास असताना जीवशास्त्रात पुन्हा रसायन कशाला, हे तर मुळीच उमगत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयात मी पंचवीसहून जास्त वर्षं हा विषय शिकवला. दरवर्षी जुलैत हाच प्रश्न कुणीतरी विचारायचं, बहुतेक वेळा वर्गातलं सगळ्यात प्रामाणिक मूल. अडचण अशी की पुस्तकात हे दोन भाग वेगवेगळे छापलेले असतात आणि आपणही ते वेगवेगळे वाचतो. खरं तर पहिला भाग 'हे कशामुळे झालं, हे मला कसं कळलं?' असं विचारतो आणि दुसरा 'ते नेमकं कसं झालं?' असं. एकच घटना हातात धरून दोन्ही प्रश्न विचारले तर दोन्ही भाग एकदम उलगडतात. ती घटना तुझ्या घरात रोज रात्री घडते. दुधाला विरजण लावतात आणि सकाळी दही होतं.

वाचून सोडून देऊ नकोस, हे करून बघ. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ दे, बोट बुडवलं तर सोसेल इतकं. स्टीलच्या पाच वाट्या उकळत्या पाण्यातून काढून घे आणि त्यात सारखं दूध ओत. पहिल्या वाटीत चमचाभर विरजण घाल. दुसरीत काहीच घालू नकोस. तिसरीत चमचाभर असं विरजण घाल जे आधी थोड्या पाण्यात कालवून पाच मिनिटं खळखळ उकळून गार केलंय. चौथीत साधं विरजण घाल, पण ती वाटी लगेच फ्रिजमध्ये ठेव. पाचवीत चार-पाच सुक्या लाल मिरच्या देठासकट टाक. सगळ्यांवर झाकण ठेव, आणि झोपण्याआधी वहीत लिही की सकाळी कोणत्या वाटीत काय दिसेल असं तुला वाटतं आणि का वाटतं. हे लिहिणं टाळू नकोस. सकाळी दही बघितल्यावर 'मला माहीतच होतं' असं वाटणं फार सोपं असतं, म्हणून अंदाज आधी कागदावर हवा.

पहिल्या वाटीत दही लागेल. दुसरीतलं आणि तिसरीतलं दूध सकाळी पातळच असेल. चौथीतलंही तसंच, पण ती वाटी बाहेर काढून उबेला ठेवलीस तर दुपारनंतर तिच्यातही दही लागायला लागेल. पाचवीबद्दल मी आत्ता काही सांगत नाही.

आता बघ, दुसरी वाटी नसती तर तुला काय कळलं असतं? विरजण घातलं आणि दही झालं, एवढंच. ते दूध उकळल्यामुळे झालं असेल, रात्रभर ठेवल्यामुळे झालं असेल, स्टीलच्या भांड्यामुळे झालं असेल, यातलं काहीच खोडता आलं नसतं. 'काहीच न घातलेल्या' वाटीला पुस्तकात नियंत्रण म्हणतात. मुलं हा शब्द पाठ करतात आणि वाटी मात्र विसरतात. तिसरी वाटी याहून चलाख आहे. तिच्यात विरजणातलं पाणी आहे, आंबटपणा आहे, प्रथिनं आहेत, सगळं आहे. फक्त ते उकळलेलं आहे. दही लागलं नाही याचा अर्थ विरजणातली जी गोष्ट काम करते ती उकळण्याने नष्ट होते. चौथी वाटी पुढचं सांगते: थंडीने ती गोष्ट मरत नाही, नुसती थांबते. सूक्ष्मदर्शकातून न बघताही तू आता 'विरजणात काहीतरी जिवंत असावं' या गृहीतकापर्यंत आलीस, आणि त्या गृहीतकाला पुरावा आहे.

एका वर्षी वर्गात हा प्रयोग करताना नियंत्रणाच्या वाटीतही दही लागलं. मुलं गोंधळली. काही जण म्हणाले, सर, ही वाटी मोजायची नाही. मी म्हटलं, आज हीच वाटी सगळ्यात महत्त्वाची आहे. मग फळ्यावर कारणं लिहिली: वाटी नीट धुतली गेली नसेल, झाकण उघडं राहिलं असेल, ढवळायला सगळीकडे एकच चमचा फिरला असेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कारणासाठी वेगळी वाटी लावली, बाकी सगळं सारखं ठेवून. चमच्याची वाटी लागली, बाकीच्या नाहीत. चमच्याच्या टोकाला राहिलेलं थेंबभर दही पुरलं होतं. त्या वर्गाला 'एका वेळी एकच गोष्ट बदलायची' हे नंतर कधी सांगावं लागलं नाही. आणि नको असलेला निकाल फेकून द्यायचा नसतो, हेही नाही.

ही वाटी-वाटीची तुलना फक्त शाळकरी प्रयोगापुरती आहे असं समजू नकोस. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या जीवाणुतज्ज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे धाडसाचं होतं, पण त्यातून लस टोचलेला माणूस जगतो एवढंच कळणार होतं. लस प्लेग टाळते का, हे कळायला दुसरी वाटी हवी होती. ती भायखळ्याच्या तुरुंगात मिळाली. तिथे प्लेग शिरला होता. जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस दिली आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्याशी तुलना केली. दोघांचं अन्न तेच, इमारत तीच, साथ तीच. लस घेतलेल्यांत प्लेग बराच कमी झाला. परळला आज जी हाफकिन संस्था आहे तिच्या मुळाशी ही तुलना आहे. आजच्या निकषाने त्यात उणिवा दिसतात, कारण कोणाला लस द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. स्वतःहून पुढे येणारे मुळातच अधिक धडधाकट असतील, अशी शंका घेता येते. अशी शंका काढता येणं हीसुद्धा वैज्ञानिक पद्धतच आहे, आणि परीक्षेत हे लिहिलंस तर तपासणाऱ्याला आनंद होईल.

आता पाचव्या वाटीकडे ये. मिरचीच्या देठाने दही लागतं असं घरोघरी म्हणतात. अनेक शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावतात आणि अनेक जण तितक्याच सहज खरं मानतात. दोघांनीही वाटी लावलेली नसते. देठावर जीवाणू असतात हे खरं आहे, कारण झाडपाल्यावर ते असतातच आणि त्यांत लॅक्टिक आम्ल तयार करणारेही असतात. पण 'देठातल्या जीवाणूंमुळे दही लागतं' असं म्हणायला तुला निदान आणखी एक वाटी लागेल: देठ आधी पाण्यात उकळून घेतलेली. तिखटपणामुळे लागतं असं कुणी म्हणालं तर? मग देठाऐवजी मिरचीची पूड भाजून घातलेली वाटी लाव. या वाट्या तूच लाव, वेळ जास्त लागू दे, निकाल तूच लिही. पहिल्यांदा लागलेलं दही तारेचं किंवा वेगळ्या वासाचं निघालं तर नवल नाही, कारण देठावर एकाच जातीचे जीवाणू नसतात.

इथपर्यंत 'कशामुळे' झालं. आता 'कसं'.

फ्रान्समधल्या लीलमध्ये लुई पाश्चर यांनी 1857 साली दूध आंबण्यावरचा निबंध मांडला. त्यांचं म्हणणं होतं की आंबणं हे जिवंत सूक्ष्मजीवांचं काम आहे. त्या काळचे मोठे रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते ही कुजणाऱ्या पदार्थांची निव्वळ रासायनिक घडामोड होती. वाद बरीच वर्षं चालला. मग 1897 साली, म्हणजे हाफकिन मुंबईत लस टोचत होते त्याच वर्षी, जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आणि रसात एकही अख्खी पेशी नसताना ती साखर आंबू लागली. पेशी जिवंत असते म्हणून आंबवणारं रसायन तिच्यात तयार होतं, पण ते काम करतं ते रसायन म्हणूनच. त्या रसायनांना आपण विकरं म्हणतो. जीवशास्त्रात रसायन कशाला, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला बुखनरच्या त्या गाळलेल्या रसात दिसतं. जिवंतपणाचं कोणतंही काम जवळून बघायला गेलं की शेवटी रेणू हाताला लागतात.

मग दुधातले रेणू बघू. गाईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणी असतं आणि पावणेपाच टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज नावाची साखर. हे तुझं पहिलं कर्बोदक. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज हे दोन रेणू एकमेकांना जोडलेले. विरजणातले जीवाणू विकराच्या मदतीने त्यांच्यामध्ये पाण्याचा एक रेणू घालून हा जोड तोडतात. ज्यांच्या आतड्यात हे विकर पुरेसं नसतं त्यांना दुधाने पोट फुगतं आणि दही मात्र बऱ्यापैकी सोसतं, कारण दह्यातली काही साखर जीवाणूंनी आधीच खाल्लेली असते.

आता कागद घे. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू आहेत. लॅक्टिक आम्लाच्या रेणूत 3, 6 आणि 3. म्हणजे एका ग्लुकोजचे बरोबर दोन लॅक्टिक आम्ल होतात. एक अणू उरत नाही, एक कमी पडत नाही. दुधाची गोडी गेली आणि आंबटपणा आला, पण अणू तेच राहिले, फक्त त्यांची जोडणी बदलली. वर्गात हे गणित जुळताना बघून मुलांचे चेहरे बदलायचे, आणि मलाही ते दर वेळी तितकंच सुंदर वाटायचं. या जोडणीच्या बदलातून जीवाणूला मिळते ती ऊर्जा, दर ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, दोन रेणू. तोच ग्लुकोज ऑक्सिजन वापरून पूर्ण जाळला तर तीसच्या आसपास मिळतात. एटीपी 1929 साली शोधला गेला. त्या शोधाशी हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या शास्त्रज्ञाचं नाव जोडलेलं आहे, ते लक्षात ठेव.

आंबटपणामुळे दूध घट्ट का व्हावं? इथे प्रथिनं येतात, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण पाठ केलेल्या व्याख्येतून हे कधीच कळत नाही. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं. केसिनचे रेणू सुटे फिरत नाहीत. त्यांचे बारीक गोळे असतात, कॅल्शियम आणि फॉस्फेटने आतून बांधलेले. दूध पांढरं दिसतं त्यात या गोळ्यांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा मोठा वाटा आहे. प्रत्येक गोळ्यावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून गोळे चिकटत नाहीत आणि दूध पातळ राहतं. लॅक्टिक आम्ल दुधात हायड्रोजनचे धन आयन सोडतं. ते हळूहळू गोळ्यांवरचा ऋण भार पुसतात, आतलं कॅल्शियम विरघळवून बाहेर काढतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.6 च्या जवळ आला की केसिनवरचा एकूण भार शून्य होतो. ढकलणारं काही उरत नाही, गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं होतं. त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. कवडीदार दही म्हणजे हे जाळं. चमच्याने ते मोडलंस की दह्याला पाणी सुटतं ते याचमुळे.

सामूच्या आकड्यांकडेही नीट बघ. ताज्या दुधाचा सामू साधारण 6.6, दही लागताना 4.6. मुलांना वाटतं, दोनचाच फरक. पण सामूचं एक घर म्हणजे दहापट, म्हणून हायड्रोजन आयन शंभरपट वाढले. जीवशास्त्रात सामूला इतकं महत्त्व का, ते इथे दिसतं: भार बदलला की प्रथिनाचं वागणं बदलतं, आणि पेशीतली जवळजवळ सगळी कामं प्रथिनं करतात.

मग सहावी वाटी लाव. गरम दुधात लिंबू पिळ. दूध लगेच फाटतं, चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे. आम्ल दोन्हीकडे आहे, केसिन दोन्हीकडे तेच आहे, मग एकीकडे कवडी आणि एकीकडे चोथा का? लिंबाचं आम्ल एकदम पडतं, त्यातून दूध गरम, त्यामुळे गोळे जिथे सापडतील तिथे घाईने गठ्ठे करतात. जीवाणू आम्ल रात्रभर थेंबाथेंबाने तयार करतात, म्हणून जाळं सावकाश आणि सलग विणलं जातं. परिणाम पदार्थावर जितका ठरतो तितकाच वेगावरही.

आणखी एक गोष्ट, जी मलाही फार उशिरा कळली. आपण दूध उकळतो ते जंतू मारायला, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण अर्धं. उकळल्याने दुधातली केसिनखेरीजची काही प्रथिनंही उलगडतात आणि केसिनच्या गोळ्यांना चिकटतात, त्यामुळे पुढे जाळं घट्ट होतं. म्हणजे 'उकळलेल्या दुधाचं दही घट्ट' या निरीक्षणामागे दोन कारणं एकत्र गुंतलेली आहेत. ती सोडवायला कोणत्या वाट्या लावशील, ते तू ठरव.

मेद समजायला दह्यावरून पुढे जा, लोण्यापर्यंत. दुधातल्या मेदाचे थेंब एका पातळ पटलात गुंडाळलेले असतात. त्या पटलात फॉस्फोलिपिडं असतात. त्यांचं एक टोक पाण्याकडे वळतं, दुसरं पाण्यापासून तोंड फिरवतं. तुझ्या शरीरातल्या प्रत्येक पेशीचं पटल याच तत्त्वावर उभं आहे. घुसळताना थेंबांची पटलं फाटतात, आतला मेद एकमेकांना चिकटतो आणि लोणी वर येतं. लोण्यात अजूनही साधारण 16 टक्के पाणी असतं. तूप कढवताना तडतड आवाज येतो तो त्या पाण्याचा, आणि तळाशी उरते ती बेरी म्हणजे मुख्यतः भाजलेली प्रथिनं. आवाज थांबला की आई म्हणते तूप झालं. लोणी बाहेर ठेवलं तर खवट होतं, वास मारतं. तूप महिनोनमहिने टिकतं. जीवाणूंना पाणी लागतं आणि तुपात ते जवळजवळ उरलेलं नसतं. पाण्याशिवाय जीवन नाही हे वाक्य पुस्तकात वाचण्यापेक्षा तुपाच्या बरणीत जास्त स्पष्ट दिसतं.

राहिली न्यूक्लिक आम्लं. चमचाभर विरजणाने वाटीभर दूध विरजतं, त्यातल्या चमच्याने उद्याचं, असं वर्षानुवर्षं. जीवाणू दुप्पट होत राहतात म्हणून हे जमतं. समजा एकाचे दोन व्हायला 40 मिनिटं लागतात. आठ तासांत बारा वेळा दुप्पट होतील, म्हणजे एकाचे 4096. दर वेळी डीएनएची नक्कल होते, म्हणून उद्याचे जीवाणूही लॅक्टोज तोडणारं तेच विकर बनवू शकतात. थंडीत हा वेग मंदावतो, म्हणून डिसेंबरात आपण दह्याचं भांडं पिठाच्या डब्यात नाहीतर शालीत गुंडाळून ठेवतो.

दह्याच्या या जीवाणूंनी अलीकडे फार मोठी गोष्ट शिकवली आहे. त्यांच्यावर विषाणू हल्ला करतात आणि दुग्धव्यवसायात अख्खे हौद वाया जातात. डॅनिस्को या कंपनीतल्या संशोधकांनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूवर काम करताना 2007 साली दाखवलं की हल्ल्यातून वाचलेले जीवाणू विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएमध्ये जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याला ओळखतात. ही क्रिस्पर यंत्रणा. तिच्यापासून जनुकं कापण्याचं साधन तयार केल्याबद्दल एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांना 2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काम जीवाणूंवरचं, पारितोषिक रसायनशास्त्राचं.

आपल्याकडचंही एक नाव सांगतो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना बाई म्हणून आधी नाकारण्यात आलं. त्या मागे हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला, आणि 1939 मध्ये केंब्रिजहून जीवरसायनशास्त्रात पीएच. डी. घेतली. त्यांनी बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे श्वसनातलं प्रथिन वनस्पतींतही असतं हे दाखवलं. पुढे मुंबईत त्यांनी नीरेवर, म्हणजे माडाच्या रसाच्या पोषणमूल्यावर, काम केलं. दूध, बटाटा, नीरा: मोठं जीवरसायन अशा घरच्या वस्तूंवरही होतं.

शब्दांची भीती वाटते असंही तू लिहिलं आहेस. त्यासाठी वहीत तीन रकाने कर: मराठी संज्ञा, वर्गात वापरतात ती इंग्रजी संज्ञा देवनागरीत, आणि तिसऱ्यात दह्याच्या गोष्टीतली जागा. विकर, एन्झाइम, लॅक्टोज तोडणारं. नियंत्रण, कंट्रोल, दुसरी वाटी. असे पंचवीस-तीस शब्द झाले की पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाच. गृहीतक आणि सिद्धांत यांत मात्र गल्लत करू नकोस. 'देठामुळे दही लागतं' हे गृहीतक. एका रात्रीत पडू शकतं. 'आंबणं सूक्ष्मजीवांच्या विकरांमुळे होतं' हा सिद्धांत. शेकडो प्रयोगांनी तपासलेला, आणि तरीही नव्या वाटीसाठी उघडा असलेला.

शेवटचं, काळजीचं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि मिरचीच्या वाटीतलं काही चाखू नकोस. त्यात कोणते जीवाणू वाढले हे आपल्याला माहीत नाही. वास घे, रंग आणि घट्टपणा लिहून ठेव, आणि ओतून दे. लिटमस कागद कॉलेजच्या प्रयोगशाळेत मागितलास तर मिळेल. सकाळी प्रत्येक वाटीत एक तुकडा बुडव आणि रंगासमोर वेळ लिही.